लष्करातील शागीर्द : रामकृष्णबुवा वझे

मास्टर दीनानाथ मंगेशकरांची नाट्यपदे गोमंतकात आजही आवडीने गायिली जातात. जत्रेतील नाटकात किंवा नाट्यगीत स्पर्धेत एखादा तरुण ‘रणदुंदुभी’मधील पद उचलतो, एका दमात तार सप्तकात झेप घेतो आणि तितक्याच वेगाने खाली उतरतो, तेव्हा श्रोत्यांना मंगेशीच्या या सुपुत्राची आठवण होते. ती होणे स्वाभाविकच आहे. मात्र त्या पदांच्या चाली बांधणारे रामकृष्णबुवा वझे हेही आपल्याच शेजारचे, तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी संस्थानातले. त्या चालींत जो पीळ आहे, जो आक्रमक बाज आहे, तो बुवांनी उत्तरेतल्या एका मराठी शहरात, ग्वाल्हेरच्या लष्करात, अर्धपोटी राहून कमावला होता. उमेदवारीची ती वर्षे समजून घेतल्यावाचून त्यांच्या चाली पुरत्या समजत नाहीत, असे मला वाटते.

रामकृष्ण नरहर वझे यांचा जन्म १८७१ मधला. मूल तान्हे असतानाच वडील गेले. घरात दारिद्र्य होते, आधार कोणाचा नव्हता. आई मुलाला घेऊन घाट चढून कागलला आली. कागल ही कोल्हापूरच्या छत्रछायेखालची जहागीर. तेथल्याच घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. लहान संस्थानांत आणि जहागिऱ्यांत त्या काळी एखाददुसरा गवई पदरी असे, देवळांत कीर्तने होत, आणि तेवढ्या आधारावर एखाद्या मुलाच्या कानावर सूर पडत. रामकृष्णाचे मन शाळेत रमेना. गळा मात्र चांगला होता. त्या माउलीने मुलाला भिक्षुकीला लावले नाही, कोणाच्या दुकानात चिकटवले नाही. गाणे शिकू दिले. विधवा, परगावी राहणारी, हातात काही नसलेली बाई एकुलत्या मुलाला गवई होऊ देते, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. गवयाला समाजात मान कमी आणि मिळकत त्याहून कमी होती.

प्रारंभीचे धडे कागलचे बळवंतराव पोहरे आणि मालवणचे विठोबा अण्णा हडप यांच्याकडे झाले. दोघांनी पाया घातला, पण पायावर इमारत उभी करण्यासाठी जे लागते ते त्या टापूत सहज मिळण्यासारखे नव्हते.

या मुलाने पुढे जो मार्ग धरला तो आज अविचार वाटेल. म्हणून त्या काळाची अडचण सांगायला हवी. ग्रामोफोनच्या तबकड्या आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी आल्या. पंडित भातखंडे यांनी बंदिशींचे संकलन छापले ते त्यानंतर. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ मध्ये. पलुस्कर तर रामकृष्णाहून एका वर्षाने लहान. म्हणजे १८८०–९० च्या सुमारास ज्याला ख्याल शिकायचा त्याच्यापुढे ना पुस्तक होते, ना शाळा, ना ध्वनिमुद्रण. बंदिश कोणाच्या तरी गळ्यात वस्तीला असे. त्या माणसाने ती दिली तर मिळायची. दिली नाही, तर त्याच्याबरोबर चितेवर किंवा कबरीत जायची. विद्या हवी असेल तर त्या माणसाच्या दाराशी जाऊन बसणे एवढाच उपाय होता. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा याच कारणासाठी एक पिढी आधी उत्तरेत गेले होते आणि ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांची वर्षानुवर्षे सेवा करून ख्यालगायकी महाराष्ट्रात घेऊन आले होते. रामकृष्णासमोर तो दाखला होता.

मिसरूडही फुटली नव्हती अशा वयात तो घराबाहेर पडला. जवळ पैसा नव्हता. पुणे, मुंबई, इंदूर, उज्जैन, काशी अशी ती भटकंती आहे. कधी पायी, कधी कोणाच्या दयेवर. मुक्काम देवळात किंवा धर्मशाळेत. इंदूरला होळकरांचा दरबार होता. मृदंगाचार्य नानासाहेब पानसे यांनी त्या शहरात पखवाजाची परंपरा रुजवली होती, आणि बीनकार बंदे अली खाँ यांचा सहवासही रामकृष्णाला तेथेच लाभला. बीन आणि पखवाज ही धृपदाच्या पंगतीतली वाद्ये. बुवांच्या गाण्यात पुढे लयीशी जी झटापट ऐकू येते, तिच्या मुळाशी या मुक्कामाचाही काही वाटा असावा. तरीही मन स्थिरावले नाही. ख्यालाचे मूळ पीठ ग्वाल्हेर, हे कानावर पडत होते.

ग्वाल्हेर म्हणजे खरे तर तीन गावे : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर. जुन्या गावात मुहम्मद गौस यांच्या दर्ग्याच्या आवारात तानसेनाची समाधी आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशा श्रद्धेने गवई तेथे जात. पण एकोणिसाव्या शतकातले गाणे वाढले ते लष्करात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायमची ठोकली. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा आल्या, आणि छावणीचे शहर झाले तरी नाव लष्करच राहिले. सरदार, शिलेदार, कारकून, पुजारी, कीर्तनकार अशी शेकडो मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. महाराजवाड्याच्या चौकात हिंदी बोलायची, घरी मराठी. गणपती, रामनवमी, दत्तजयंती सगळे देशावरच्यासारखे. सह्याद्रीच्या कुशीतून निघून इतक्या लांब आलेल्या पोरसवदा मुलाला परक्या मुलखात आपली भाषा कानी पडावी, एखाद्या घरात माधुकरी मागता यावी, एवढी सोय या शहरात होती. ती नसती, तर तो तेथे किती दिवस टिकला असता याची शंकाच आहे.

त्या शहराची संगीतातील श्रीमंती मात्र मराठी नव्हती. नत्थन पीरबख्श यांच्या घराण्यातील हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ या बंधूंनी शिंद्यांच्या आश्रयाने ख्यालाला जे रूप दिले, तेच ग्वाल्हेर गायकी म्हणून ओळखले जाते. या बंधूंविषयी एक आख्यायिका सांगतात. बडे महंमद खाँ नावाच्या गवयाच्या ताना विलक्षण होत्या आणि तो त्या कोणाला शिकवीत नसे. महाराजांनी या मुलांना पडद्याआड बसवून ते गाणे ऐकवले. मुलांनी त्या ताना उचलल्या आणि भर दरबारात गाऊन दाखवल्या. आख्यायिकेतले खरे-खोटे बाजूला ठेवू. ज्या घराण्याकडे पुढे शेकडो लोक विद्येची भीक मागत आले, त्या घराण्याच्या वैभवाची कथाच पडद्याआडून ऐकलेल्या विद्येची आहे. विद्या सहज द्यायची नसते, हा त्या जगाचा अलिखित कायदा होता. त्याची झळ पुढे रामकृष्णालाही लागली.

तो पोहोचला तेव्हा जुने वैभव ओसरत होते. हद्दू खाँ १८७५ मध्ये निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ अलौकिक गळ्याचे, पण एका जागी न ठरणारे. १८८६ मध्ये जयाजीराव शिंदे गेले, गादीवर आलेले माधवराव अल्पवयीन होते, आणि दरबारी कलावंतांचे दिवस पालटले. अशा वेळी घराण्याची विद्या ज्यांच्यापाशी साठली होती ते निसार हुसेन खाँ. ते नत्थू खाँ यांचे दत्तक पुत्र. बंदिशींचे कोठार अशी त्यांची ख्याती होती : ख्याल, टप्पे, तराणे, त्रिवट, चतरंग, अष्टपदी, जे मागाल ते त्यांच्याकडे निघे. दरबाराचा आधार सुटल्यावर त्यांना आसरा दिला तो लष्करातल्या एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाने. कीर्तनकार विष्णुपंत पंडित यांचे चिरंजीव शंकरराव आणि एकनाथ हे खाँसाहेबांचे शिष्य. गुरू शिष्याच्या घरी राहायला आला. त्या घराच्या आचाराशी खाँसाहेबांनी असे जुळवून घेतले की त्याच्या कथा ग्वाल्हेरात बराच काळ सांगितल्या जात. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित याच घरात १८९३ मध्ये जन्मले आणि विसाव्या शतकात त्या गायकीचे सर्वांत मोठे प्रतिनिधी ठरले.

रामकृष्णाला निसार हुसेन खाँ गुरू म्हणून लाभले, पण त्याची वाट पंडित बंधूंसारखी नव्हती. त्यांच्याकडे खाँसाहेबांना देण्यासाठी घर होते, अन्न होते. या मुलाकडे फक्त अंगमेहनत होती. गुरूची पडेल ती सेवा करायची, कधी माधुकरी मागून तर कधी अन्नछत्राच्या पंगतीला बसून पोट भरायचे, आणि खाँसाहेबांच्या मनात येईल तेव्हा जे कानावर पडेल ते धरून ठेवायचे. आज ठरलेल्या वेळी शिकवणी लागते, शुल्क ठरते, विद्यार्थी तासाचे ध्वनिमुद्रण घेऊन घरी जातो. तेव्हा अस्थायी एकदा, फार तर दोनदा सांगितली जाई. तेवढ्यात शब्द, समेची जागा, स्वरांचे वळण, तालातला झोल सगळे मनात उतरले पाहिजे. उतरले नाही तर पुन्हा विचारण्याची हिंमत शागिर्दाने करायची नसे. मग रात्री एकट्याने बसून, जे आठवते त्यावरून जे निसटले ते जुळवायचे.

ग्वाल्हेर गायकीची शिकवण बंदिशीतूनच होते. राग वेगळा काढून त्याचे नियम पाठ करवीत नाहीत. एका रागातल्या चार-पाच बंदिशी गळ्यावर बसल्या की राग आपोआप कळतो, अशी धारणा. बंदिशीची मांडणी झाली की आलाप, बोलआलाप, मींड, गमक, बोलताना, सरळ सपाट ताना, लयकारी अशी अंगे तिच्याच आधाराने फुलवायची. या पद्धतीत ज्याच्याकडे बंदिशी अधिक तो अधिक श्रीमंत. रामकृष्णाला ही गोष्ट लवकर उमगली असावी, कारण बंदिशी जमवण्याचा ध्यास त्याला तेथेच लागला आणि तो जन्मभर सुटला नाही.

या कष्टांचे वर्णन आपण मोठ्या कौतुकाने करतो. गुरूच्या घरी पाणी भरले म्हणून विद्या आली, असे एक समीकरण आपल्या मनात बसले आहे. मला ते मान्य नाही. पाणी भरल्याने विद्या येत नाही. पाणी भरत असताना कान उघडे ठेवल्याने येते, आणि अशी किती मुले नुसती पाणीच भरत राहिली, त्यांची नोंद कोणीही ठेवलेली नाही. कागलला आई एकटी होती. मुलगा जिवंत आहे की नाही हेही तिला महिनोन्‌महिने कळत नसणार. रामकृष्णबुवा मोठे झाले म्हणून या कथेला तेज आहे. ते त्या वाटेवर एखाद्या धर्मशाळेत तापाने गेले असते, तर आपण तिला काय म्हटले असते?

ग्वाल्हेरची तालीम पदरात पडल्यावरही त्यांनी एका घराण्याच्या कुंपणात राहणे पत्करले नाही. उत्तरेत जिथे जिथे जुना गवई, जुनी चीज, कोणी न गाणारा राग असल्याचे कळे, तिथे जाऊन ते मिळवीत. पुढे नेपाळच्या दरबारातही त्यांनी काही काळ सेवा केली. राणा राजवटीत काठमांडूला हिंदुस्थानातील नामांकित गवई-बजवय्ये एकत्र आलेले होते, आणि या भुकेल्या संग्राहकाला त्याहून चांगली संधी कुठली मिळणार! खट, खंबावती, नटबिहाग असे अनवट राग बुवांच्या नावाशी कायमचे जोडले गेले ते या वणवणीमुळे. बैठकीत इतर गवई यमन किंवा मालकंस मांडीत, तेथे बुवा असा एखादा राग काढीत की समोर बसलेले जाणकारही क्षणभर चाचपडत. आवाज मुलायम नव्हता. जाड, काहीसा कठोर होता. गाताना हातवारे असत, तोंड वेडेवाकडे होई. पण लय अंगात मुरलेली, बोलताना धारदार आणि साठा न संपणारा. गोड गळ्याच्या गवयाला श्रोते जे आपण होऊन देतात, ते बुवांना प्रत्येक वेळी लढून घ्यावे लागे. लष्करात त्यांना दुसरे तरी काय करावे लागले होते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बुवा दक्षिणेकडे परतले, पुष्कळ काळ बेळगावात राहिले, आणि तेथून त्यांचे गोव्याकडे येणे-जाणे सुरू झाले. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई कोल्हापूरला अब्दुल करीम खाँ यांच्याकडे थोडे महिने शिकून परत आल्या होत्या. १८९२ चा जन्म म्हणजे त्या तेव्हा मुलगीच. डिचोलीजवळच्या लामगावला बुवांचा मुक्काम पडे तेव्हा त्यांनी बुवांकडे तालीम घेतली. पुढे अल्लादिया खाँ यांच्या शिष्या म्हणून त्यांचे नाव देशभर झाले आणि लामगावचे दिवस मागे पडले. तरी ग्वाल्हेरच्या गल्लीतली एक अस्थायी डिचोलीच्या एखाद्या ओटीवर गोव्याच्या एका लहान मुलीच्या गळ्यात उतरत होती, हे चित्र आपल्या संगीताच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

याच काळात रंगभूमीने बुवांना बोलावले. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही मंडळी काढली होती. केशवराव आणि त्यांच्यामागून मंडळी सांभाळणारे बापूराव पेंढारकर या दोघांनाही बुवांची तालीम मिळाली, आणि मंडळीच्या नाटकांतील पदांना बुवांच्या चाली लाभू लागल्या. आज स्वतः चाल बांधून स्वतःच गाणाऱ्या तरुणाचे आपल्याला अप्रूप वाटते. गवई स्वतः चाली बांधतो ही गोष्ट आपल्याकडे जुनीच. बुवांचा वेगळेपणा हा की त्यांनी बांधलेल्या चाली दुसऱ्याच्या गळ्यातून हजारो लोकांपर्यंत गेल्या. नाट्यपदाची चाल बांधणे म्हणजे जुनी बंदिश उचलून तिच्यावर मराठी शब्द बसवणे, असे पुष्कळदा म्हटले जाते. अंशतः ते खरेही आहे. पण कोणती बंदिश कोणत्या प्रसंगाला, कोणत्या नटाच्या गळ्याला, किती लयीत, हे ठरवायला आधी बंदिशींचा ढीग जवळ असावा लागतो. तो बुवांकडे होता. लष्करात एकेक चीज जपून ठेवताना या मुलाच्या मनात मराठी नाटक नक्कीच नसणार.

दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० चा. बुवांच्या गायकीतील वैचित्र्य आणि आक्रमकता यांनी ते इतके भारले गेले की त्यांनी बुवांचा गंडा बांधला. १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. दोन्ही नाटके स्वातंत्र्याच्या आकांक्षेने भारलेली, आणि दोन्हींतील पदांना चाली बुवांच्या. या पदांत सुरांची उडी एकाएकी येते, लय अडवते, आणि शब्द त्या अडथळ्यातून वाट काढीत समेवर आदळतो. लाडिक, गुळगुळीत चाल या नाटकांच्या आशयाला पेललीच नसती. बुवांचा कठोर बाज आणि दीनानाथांचा निमुळता, तीक्ष्ण, वेगवान गळा असा तो योग जुळला. बुवांच्या स्वतःच्या आवाजाला जे साधत नव्हते ते शिष्याच्या आवाजाने साधले, असे म्हटले तर गुरूचा अवमान होऊ नये.

उत्तरायुष्यात बुवांनी आणखी एक गोष्ट केली. वणवण करून, भीक मागून, सेवा करून मिळवलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह छापल्या. ‘संगीत कलाप्रकाश’ या नावाने त्या ग्रंथाचे दोन भाग निघाले, आणि त्यात आपल्या आयुष्याची हकिकतही त्यांनी सांगितली. ज्या जगात एक अस्थायी मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागले, त्याच जगातला हा माणूस ती विद्या काही आण्यांच्या पुस्तकात कोणाच्याही हाती द्यायला तयार झाला. स्वरलिपीत गायकी मावत नाही, हे बुवांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही बंदिशीचा सांगाडा तरी वाचावा, एवढी तजवीज त्यांनी केली.

दीनानाथ १९४२ मध्ये, ऐन चाळिशीच्या आरंभी गेले. गुरू मागे राहिले. रामकृष्णबुवांनी ५ मे १९४५ रोजी पुण्यात देह ठेवला. त्यांच्या आवाजाच्या काही तबकड्या उपलब्ध आहेत. खंबावती आणि तिलककामोद त्यांपैकीच. प्रत्येकी जेमतेम तीन मिनिटांच्या. सुईची खरखर, त्यामागे एक जाडाभरडा, घाईत असलेला आवाज, आणि तबकडी संपण्याआधी बंदिशीची अस्थायी-अंतरा दोन्ही पुरी करून तानेलाही जागा काढण्याची धडपड.